सहमचे बावीस जॉइंट

तांब्याची नळी आतून काळी पडते ती आगीमुळे नव्हे, तापल्यामुळे, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी सतरा वर्षं, आधी इकडे आणि मग ओमानमध्ये, मी तांब्याच्या नळ्या जोडायचंच काम करत होतो. ओमानमध्ये फ्रीज, एसी आणि कोल्ड स्टोरेज दुरुस्त करण्यात एकवीस वर्षं घालवून आता चिपळूणला घरी बसलोय. गुडघे गेलेत, कमरेला पट्टा आहे. दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, आखातातल्या चार गमतीजमती लिहून द्या. गमती आहेत, एखादी सांगतोही. पण खरं तर मला एकच गोष्ट सांगायची आहे. माझ्यामुळे एका माणसाच्या कामाला बट्टा लागला आणि तो पुसायचा राहून गेलाय.

आधी काम काय ते सांगतो. घरातला फ्रीज असो की मासळीचा मोठा फ्रीझर, आत तांब्याच्या नळ्या असतात आणि त्यांतून गॅस फिरतो. नळीला नळी जोडायची तर एकीचं तोंड दुसरीत बसवायचं, तो भाग लाल होईस्तोवर तापवायचा आणि त्याला जोडधातूची काडी टेकवायची. काडी वितळते आणि सांध्याच्या फटीत आपली आपण ओढली जाते. याला ब्रेझिंग म्हणतात. आमचे जुने मिस्त्री डाग देणं म्हणायचे. सांधा चांगला बसला तर मशीन भंगारात जाईपर्यंत टिकतो. वाईट बसला तर गॅस सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघून जातो आणि महिन्याभरात गिऱ्हाईक फोनवर तुमचा उद्धार करतं.

हे तापवायचं काम टॉर्चने, म्हणजे जळत्या गॅसच्या ज्योतीने होतं. घरात ज्योत म्हटली की पडदे आले, भिंतीचा रंग आला. कोल्ड स्टोरेजच्या भिंती तर फोम भरलेल्या पत्र्याच्या असतात. तो फोम एकदा पेटला की हात टेकायचे. म्हणून नव्वदच्या दशकात मध्येच कधीतरी आमच्या कंपनीने बिनआगीचं मशीन आणलं. एक जड लोखंडी पेटी, तिच्यातून निघालेल्या दोन जाड वायरी आणि वायरींच्या टोकाला मोठा चिमटा. चिमट्याच्या दोन्ही तोंडांना कार्बनचे ठोकळे. नळी चिमट्यात धरायची आणि पायाखालचं बटण दाबायचं. विजेने कार्बन तापतो, कार्बनने नळी तापते, काही सेकंदांत लाल होते. काडी टेकवायची, पाय उचलायचा, संपलं. मशीनचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. मस्कतमधल्या वादी कबीरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे त्याला चिमटाच म्हणत.

ते शिकायला कंपनीने मला तीन दिवस दुबईला पाठवलं. तिथल्या सेल्समनने तीनही दिवस मशीनचं गुणगान केलं आणि जेवण चांगलं दिलं. परत आलो तो सुपरवायझर होऊन. अंगावर मूठभर मांस चढलं, हे कबूल करतो.

आता ती एक गंमत. मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीत पुण्याच्या एक बाई राहायच्या, मिस्टर बँकेत मोठ्या हुद्द्यावर. पूर्वी कुणा मेकॅनिकने टॉर्चने त्यांच्या पडद्याला भोक पाडलं होतं. आम्ही एसीच्या कामाला गेलो तर बाई ओला टॉवेल आणि पाण्याची बादली घेऊन बेडरूमच्या दारात उभ्या. "तुम्ही करा तुमचं काम, मी इथून हलणार नाहीये." मी चिमटा लावला, सांधा जोडला, वायरी गुंडाळायला घेतल्या. बाई बादली धरून तशाच. "कधी पेटवताय?" मी म्हटलं, "झालं, वहिनी." त्यांचा चेहरा पडला. एवढी तयारी वाया गेली म्हणून असेल. त्यांचा सातेक वर्षांचा मुलगा म्हणाला, "काका, यू डिडन्ट डू एनिथिंग." बाई म्हणाल्या, "मराठीत बोल." तो जरा अडखळला आणि म्हणाला, "काकाने काहीच नाही केला." चहा मात्र मिळाला.

अशी दहा-बारा कामं झाल्यावर माझ्या डोक्यात पक्कं बसलं की चिमटा असला की दुसरं काही लागत नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

टॉर्चने सांधा तापवताना नळीच्या आतून नायट्रोजन हळू हळू सोडत राहायचा असतो, आतली हवा हाकलायला. नाहीतर नळी आतून काळी होते, काळी खपली धरते. ती पुढे सुटते, गॅसबरोबर वाहत जाते आणि मशीनच्या बारीक वाटा तुंबवते. हा नियम आम्हा सगळ्यांना पाठ होता आणि घाई असली की निम्मे लोक तो गुंडाळून ठेवत. हसनभाईंनी तो कधी मोडलेला मी पाहिला नाही.

हसनभाई हर्णैचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मुंबईच्या गोदीत बोटींच्या फ्रीझरवर काम शिकलेले, आमच्या कंपनीतले सगळ्यात जुने ब्रेझर. त्यांचा सांधा गळला असं कुणी म्हणायचं धाडस केलं नव्हतं. नायट्रोजन किती सोडायचा हे ते मीटरवर बघत नसत. नळीच्या दुसऱ्या टोकाशी ओला केलेला ओठ न्यायचे आणि बाटलीची चावी फिरवायचे. मला म्हणायचे, "झोपलेल्या पोराचा श्वास लागतो ना, तेवढाच पायजे. जास्ती नाय, कमी नाय." त्यांच्या मुलाला, नासीरला, कंपनीत घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, केवळ हसनभाईंच्या शब्दावर. त्यांची सगळी मिळकत म्हणजे तो शब्द होता.

सहम, म्हणजे मस्कतपासून लांब किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव, तिथलं काम आलं ते सुरमईचा मोसम उघडायच्या तोंडावर. मालक सालिम नावाचा ओमानी, आम्ही त्याला अर्बाब, म्हणजे शेठ, म्हणायचो. हळू आवाजात बोलणारा, अदबशीर माणूस. त्याचं आधीचं कोल्ड स्टोरेज जळून गेलं होतं. कुणाच्या तरी टॉर्चने फोम पेटला आणि तासाभरात फक्त लोखंडी सांगाडा उरला. तो सांगाडा त्याने मुद्दाम काढला नव्हता. नव्या इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून तो बसायचा, शेजारी खजुराचा रिकामा डबा. आत जाणाऱ्याने लायटर, काडेपेटी त्या डब्यात टाकायची. "इदर आग नहीं," तो प्रत्येकाला सांगायचा. "सिगरेट भी नहीं. एक बार सब खलास हुआ, दूसरा बार नहीं." म्हणूनच त्याने आमची कंपनी शोधली होती. सगळे सांधे चिमट्याने करायचे आणि नऊ दिवसांत फ्रीझर सुरू करायचा, एवढीच त्याची अट.

निघायच्या दिवशी पिकअपमध्ये चिमट्याची पेटी, केबल, नळ्यांची बंडलं चढवली आणि जागा संपली. मी नायट्रोजनची बाटली खाली उतरवली. हसनभाई पिकअपच्या मागे उभे होते.

"बाटली कशाला उतरवतंस?"

"चिमट्याला नायट्रोजन लागत नाही, हसनभाई."

"कोण बोलला?"

"आग नाही तर काजळी कुठून धरणार? दुबईला शिकून आलोय मी."

दुबईला मला असं कुणीही शिकवलं नव्हतं. तिथे नायट्रोजनचा विषयच निघाला नाही, आणि न निघालेल्या विषयाचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

सहमला पहिला सांधा करायच्या आधी त्यांनी पुन्हा विचारलं. "विलास, नळी लाल होते ती होतेच ना? मग आग काय नि वीज काय?" प्रश्न बरोबर होता. मस्कतहून बाटली मागवायची तर अर्धा दिवस जाणार होता आणि माझा सुपरवायझरपणा चार हेल्परांसमोर पणाला लागला होता. मी वैतागून म्हणालो, "तुम्हा टॉर्चवाल्यांना नवीन काही पटतच नाही." त्यांनी चिमटा उचलला. मग म्हणाले, "बरा बाबा. सायब तू हायस."

चिमटा त्यांना सुरुवातीला जड गेला. टॉर्चवाल्याचा हात सतत फिरता असतो, चिमट्यात तो घट्ट आणि निश्चल ठेवावा लागतो. पहिल्या दिवशी त्यांनी दोन नळ्या दाबून चपट्या केल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र हात असा बसला की मी नुसता बघत राहिलो. अर्बाब मधूनमधून आत यायचा, लाल झालेल्या कार्बनकडे संशयाने बघायचा. "हादा नार?" ही आग का, असं विचारायचा. मी म्हणायचो, "नहीं अर्बाब, बिजली." तो मान हलवून परत खुर्चीवर जाऊन बसायचा. बावीस सांधे झाले, बावीसही हसनभाईंच्या हातचे.

शेवटच्या दिवशी प्रेशर टेस्टसाठी मस्कतहून नायट्रोजनची बाटली आली. सगळ्या नळ्यांत नायट्रोजन दाबून भरायचा आणि चोवीस तास काटा बघायचा, अशी ती टेस्ट. काटा केसभरही हलला नाही. अर्बाबने हलवा मागवला, काहवा, म्हणजे तिकडची कडू कॉफी, पाजला आणि आमचे लायटर डब्यातून काढून एकेकाच्या हातात दिले. हसनभाई खूश होते. त्या संध्याकाळी मी जॉब कार्ड भरलं. कार्डावर एक ओळ छापलेली असायची: नायट्रोजन वापरला का, हो की नाही. मी 'हो'वर खूण केली. टेस्टला वापरलाच होता की, असं मनाशी म्हणालो. त्या ओळीचा अर्थ ब्रेझिंगच्या वेळी असा आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मोसम उघडला, फ्रीझर सुरमईने भरला. पाच आठवड्यांनी अर्बाबचा फोन आला की आतला गारवा उतरतोय. जाऊन बघितलं तर फिल्टर तुंबलेला. बदलला. चार दिवसांत पुन्हा तुंबला. तोही बदलला, तर कॉम्प्रेसर अडकला. तेव्हा नवीन प्रकारचा गॅस नुकताच आला होता. त्याच्याबरोबरचं तेल नळ्या आतून घासूनपुसून काढायचं. जुन्या तेलात वर्षानुवर्षं चिकटून राहिली असती ती खपली ह्या तेलाने सोडवून आणली होती. पण हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मी फक्त एक सांधा आरीने कापला आणि नळी उभी चिरून उघडली. सांधा बाहेरून नव्या भांड्यासारखा लख्ख, आत डिंक भरावा तसा भरून आलेला, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नळी आतून काळीभोर. नखाने खरवडलं तर खपली सुटून हातावर आली.

अर्बाबने तो तुकडा माझ्या हातातून घेतला. खपलीवरून बोट फिरवलं. मग शांतपणे म्हणाला, "ये तो जला हुआ है. तुम बोला आग नहीं."

 हसनभाई माझ्या शेजारी उभे होते. ते माझ्याकडे बघत होते. मागे माणसं फ्रीझरमधली सुरमई बाहेर काढत होती. थोडी दुसऱ्यांच्या बर्फाच्या गाड्यांत गेली, बाकीची समुद्राकाठी वाळूत पुरावी लागली. त्या खड्ड्याकडे मला बघवेना. आम्ही कोकणातली माणसं, मासळी अशी पुरलेली कधी पाहिली नव्हती.

कंपनीत चौकशी बसली. मॅनेजरच्या टेबलावर चिरलेली नळी आणि माझं जॉब कार्ड शेजारी शेजारी ठेवलेलं. आधी त्यांनी हसनभाईंना विचारलं, ब्रेझिंगच्या वेळी नायट्रोजन सोडला होता का. हसनभाई म्हणाले, "सुपरवायझर को पूछो." मला आजही वाटतं, त्यांनी मला संधी दिली होती.

मग मॅनेजरनी मला विचारलं. त्याच महिन्यात माझी बायको आणि मुलगी फॅमिली व्हिसावर आल्या होत्या. मस्कतच्या रूवी भागात दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, मुलीचा शाळेचा दुसरा आठवडा होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही, त्या क्षणी डोक्यात काय होतं ते सांगतो. मी म्हणालो, "बाटली साइटवर होती, सर."

खोटं नव्हतं. शेवटच्या दिवशी बाटली साइटवर होती. मॅनेजरनी कार्डावरची खूण बघितली आणि त्याचा सरळ अर्थ लावला: बाटली होती, सुपरवायझरने आणली होती, म्हातारा ब्रेझर चावी उघडायला विसरला किंवा आळसावला. रिपोर्टात 'सदोष ब्रेझिंग' असं लिहिलं गेलं. तीन आठवड्यांत हसनभाईंचा व्हिसा रद्द झाला. नासीरचं नाव यादीतून गेलं. हसनभाईंनी त्यानंतर एक शब्द काढला नाही. मूग गिळून मी गप्प बसलो होतो, ते मात्र कशासाठी गप्प होते ते मला तेव्हा कळलं नाही.

विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेलो. दुसऱ्या कुणाची गाडी मोकळी नव्हती.  उतरताना ते म्हणाले, "चिमट्याचे कार्बन बदलून घे. उजव्याला चीर गेलीय." मी होय म्हणालो. त्यांनी बॅग उचलली आणि आत गेले.

पुढची वर्षं मी चिमट्यावरच काढली. दोन हजारनंतर सोहारला बंदर झालं, कारखाने आले आणि तिथे काडी ओढायचीसुद्धा चोरी. बिनआगीच्या कामाला माझं नाव पहिलं निघायचं. मी बाटलीशिवाय गाडी हलू देत नसे. प्रत्येक सांध्याआधी नळीच्या टोकाशी ओला ओठ नेऊन बघायचो. तरुण पोरं माझी टिंगल करायची, चाचा नळीची पप्पी घेतो म्हणायची. मी रागवत नसे. त्यांना शिकवताना हे कुणाकडून शिकलो ते मात्र कधी सांगितलं नाही. नाव घेतलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. तेवढी हिंमत शेवटपर्यंत झाली नाही आणि त्या ओझ्याने मी कामापेक्षा जास्त थकलो.

परत आल्यावरही हर्णैला जायला मला दोन वर्षं लागली. चिपळूणहून हर्णै म्हणजे काही परदेश नाही. हसनभाई अंगणात एका जुन्या फ्रीजपुढे बसले होते. सत्तरी गाठलेली, डोळ्यांना जाड चष्मा. मला लगेच ओळखलं. सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी वाटेत वाक्यं जुळवून आणली होती ती सगळी विसरलो आणि एवढंच म्हणालो, "हसनभाई, त्या कार्डावर 'हो' मी लिहिलं होतं."

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "बाटली तू उतरवलीस, कार्ड तू भरलंस. आणखी कोण लिवणार?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर मॅनेजर कोणाचा ऐकणार होता? कार्डाचा. तू बोलला असतास तर गोष्ट वेगळी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी वाट बघितली रे. एअरपोर्टपर्यंत बघितली."

मी माफी मागितली. ते फ्रीजच्या नळीवरून बोट फिरवत राहिले.

"मला सांगून काय फायदा, विलास? मला पयल्यापासून ठाऊक हाय. इथे घरटी एक माणूस मस्कतला. आठ दिवसांत गावभर झाला की हसनने सहमचा फ्रीझर घालवला. नासीरला दुसऱ्या कंपनीत कोणी शिफारस दिली नाय. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग."

तेवढ्यात नासीर बंदरावरून आला. चाळिशीचा, केस पिकायला लागलेले, बर्फाच्या गाडीवर काम करतो. हसनभाई त्याला म्हणाले, "हा विलास. सहमचा सुपरवायझर. काय सांगतो ते ऐक." मी त्याला सगळं सांगितलं, आत्ता इथे लिहिलं त्याच क्रमाने.  त्याने शेवटी एकच विचारलं, "म्हणजे अब्बांचा जॉइंट गळला नव्हता?"

"बावीसमधला एकही नाही."

नासीरने वडिलांकडे बघितलं. बापाकडे बघून मुलाने मान खाली घालावी असं त्यात काही नव्हतं, पण त्याने घातली; गावाचं त्यानेही खरं धरलं असावं. हसनभाई म्हणाले, "चा घे, थंड होतोय."

नासीरला सांगून झालं, गाव राहिलं. हर्णैच्या बाजारात उभं राहून सांगायची माझी छाती नाही. हा दिवाळी अंक तिथल्या वाचनालयात जातो, असं संपादकांनी कळवलं, म्हणून हे लिहायला घेतलं. हसनभाईंची शाळा उर्दू, पण सून मराठी शिकवते, ती वाचून दाखवेल. तिला आमच्या कामाचे शब्द अडू नयेत म्हणून ते कार्ड इथे नव्याने, सोप्या शब्दांत भरतो.

काम: सहम, मासळीचा फ्रीझर. जॉइंट: बावीस. जोडणार: हसनभाई, हर्णै. गळती: नाही. ब्रेझिंगच्या वेळी नायट्रोजन: नाही. ब्रेझरने तो दोनदा मागितला होता. सुपरवायझरने नको म्हटलं. सुपरवायझर मी होतो.